थांबतेस का, केझाया?

पिम मास्तर दक्षिणेकडून आमच्या थिक्सबीच्या शाळेत आले आणि त्यांना आमची बोली वहीत उतरवून घ्यायचा नाद लागला. दर गुरुवारी ते माझ्या गाडीतून ड्रिफील्डच्या बाजाराला यायचे. पुढे पांढरा चुनखडीचा रस्ता, दोन्ही अंगांना सलगमाच्या शेतात कोंडलेली मेंढरं आणि मास्तरांच्या मांडीवर वही. घोडा चढाला लागला की त्यांची पेन्सिल हलायची, उताराला लागला की अक्षर सांडायचं.

एका गुरुवारी त्यांनी 'स्टॉप' हे क्रियापद काढलं. म्हणाले, "एनॉक, शब्द तर किती साधा. थांबणे, बंद पडणे. घड्याळ थांबलं, पाऊस थांबला. पण तुम्ही लोक तो भलत्याच ठिकाणी लावता."

"भलत्याच म्हणजे कुठं?"

"काल कपडे धुणारी बाई म्हणाली, माझी बहीण सध्या माझ्याकडे थांबलीय. मी विचारलं, कधी निघणार? तर म्हणाली, निघायचं कशाला, चौदा वर्षं झाली थांबलीय."

मी हसलो. मग सांगत सुटलो. कुंपणात मेंढरू शिरेल असं भगदाड पडलं तर ते आम्ही 'थांबवतो', म्हणजे काट्यांनी बुजवतो. आजारी गायीपाशी 'थांबतो', म्हणजे जागतो. पोरगं फार बोलायला लागलं तर त्याचं तोंड 'थांबवतो'. शिकारीच्या आदल्या दिवशी कोल्ह्याची बिळं 'थांबवतात', म्हणजे कोल्हा बाहेर असताना माती भरून ठेवतात, पळत आला तरी त्याला घरात शिरता येऊ नये म्हणून. मास्तर लिहीत होते. ड्रिफील्ड येईपर्यंत त्यांनी चौदा वापर लिहून घेतले आणि वही मिटली.

पंधरावा मी त्यांना सांगितला नाही. तो वहीत मावणारा नव्हता. तो केझाया मेगिन्सनचा होता.

आमच्याकडे शेतावरचा गडी किंवा मोलकरीण वर्षाच्या कराराने राहते. वर्ष संपतं नोव्हेंबरच्या तेविसाला, मार्टिनमासच्या सणाला. त्या आधीच्या दिवसांत मालकाने एकेकाला गाठून विचारायचं, "थांबतोस का पुन्हा?" विचारलं तर तुझी इथे गरज आहे. सणाच्या आधीचा रविवार उलटून गेला आणि विचारलं नाही, तर पेटी भरायची. 'जा' असं कुणी कुणाला तोंडाने म्हणत नाही. आणि गड्याने आपण होऊन विषय काढायचा नाही. मागून घेतलेली जागा ही भीक, असं आमच्याकडे मानतात. मी गाडीवान. माझ्या बापाने पस्तीस वर्षं आणि मी त्याहून जास्त वर्षं या पेट्या एका शेतावरून दुसऱ्या शेतावर नेल्या. पेटी उचलली की वजनावरून मला कळायचं, माणूस आठवडाभराच्या सुट्टीला चाललाय की कायमचा.

केझायाला कोल्ड बॅरोच्या शेतावर मीच नेऊन सोडलं होतं, अठराशे एकोणसत्तरच्या मार्टिनमासला. बावीस वर्षांची, उंच, हाडापेराने मजबूत, ओठ घट्ट मिटलेले. वाटेभर एकच वाक्य बोलली, "तुझ्या घोड्याचा डावा नाल सैल झालाय." खरंच झाला होता.

कोल्ड बॅरोचे मालक रूबेन स्टॅथर्स. प्रार्थनेला न चुकणारा, कमी बोलणारा, मेंढरांतला जाणता माणूस. मूलबाळ नव्हतं. केझाया आली तेव्हा मालकीणबाई हिंडत्याफिरत्या होत्या. पुढे त्यांना छातीचं दुखणं लागलं. चार वर्षं केझायाने त्यांचं सगळं केलं आणि शेवटी डोळेही तिनेच मिटले. त्यानंतर नऊ गड्यांचं खाणंपिणं, लोणी, कोंबड्या, डुकरं खारवणं, मालकांच्या सदऱ्याची बटणं, सगळं तिच्या अंगावर आलं. पहाटे उठून ती खारवलेल्या मांसाचे जाड काप ताटांत टाकायची आणि नऊ जण हूं की चूं न करता खायचे. मालकांनासुद्धा तिच्या स्वयंपाकघरात चिखलाचे बूट घालून यायची छाती नव्हती.

त्या स्वयंपाकघरात लांब मेज होतं, त्याच्या कडेला बाकं होती. शेकोटीशी एकच हातांची खुर्ची, मालकांची. मालकीणबाईंची खुर्ची त्या गेल्यावर वरच्या खोलीत नेऊन ठेवली होती. केझाया भट्टीजवळच्या तीन पायांच्या स्टुलावर बसायची. बसायचीच कमी.

वर्षातून एकदा मात्र ते घर उलटं व्हायचं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारचं जेवण झालं की स्टॅथर्स मालक उठायचे, टोपी काढून हातात घ्यायचे आणि कपाटाशी उभे राहायचे.

"काय केझाया, थांबतेस का पुन्हा?"

ती लगेच उत्तर द्यायची नाही. हातातलं काम संपवायची. एका वर्षी मी पिठाची पोती टाकायला आत गेलो होतो तेव्हा हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तिचे हात कणकेत होते. मालकांनी विचारलं. तिने कणीक तिंबली, पावाचे गोळे केले, एकेक भट्टीत सरकवला, झाकण लावलं, हात धुतले, पुसले. तेवढा वेळ चारशे एकरांचा धनी टोपी फिरवत उभा.

"बघते विचार करून, मालक," ती म्हणाली.

"बघ," मालक म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर पडले.

थोरला घोडेवाला, म्हणजे घोड्यांवरचा मुख्य गडी, बाकावरून खिदळला. "अगं केझाया, दे की त्यांना एकदाचं उत्तर. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागलाय!"

"तुला विचारलं त्यांनी अजून?" तिने मागे न बघता म्हटलं.

"नाही."

"मग तू तोंड मिट."

दुसऱ्या दिवशी दुधाचं भांडं उचलता उचलता ती सांगायची, "थांबेन म्हणते." एवढंच. मालक मान हलवायचे. पण त्या एका दिवसाचं तेज तिच्या चेहऱ्यावर पुढे कितीतरी दिवस दिसायचं. मला वाटायचं, बाईला मालकांना खेळवायची हौस आहे. गाडीवानाला वजन कळतं, पण पेटीचंच.

अशी ती सत्तावीस वेळा थांबली.

मग म्हाताऱ्या राणीला गादीवर साठ वर्षं झाली ते साल आलं. गावोगाव शेकोट्या पेटल्या, पोरांना कप वाटले. त्या नोव्हेंबरात धुकं असं पडलं की मला घोड्याचे कान दिसेनात. दुसऱ्या आठवड्यात स्टॅथर्स मालकांनी मला फाटकाशी गाठलं.

"एनॉक, ड्रिफील्डच्या सुताराकडे माझी एक वस्तू तयार आहे. गोणपाटात गुंडाळून आण. धान्याच्या कोठारात ठेव आणि कुणाशी बोलू नकोस."

मी आणली. खुर्ची होती. एल्म लाकडाची, बैठक जरा खाली, हात मागे घेतलेले, म्हणजे बाईच्या घागऱ्याला अडचण होऊ नये अशी. कुणासाठी हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या सामानाबद्दल बोलायचं नाही, ही माझ्या बापाची मला एकच शिकवण होती, आणि तिचा मला फार अभिमान होता.

त्या आठवड्यात मालकांनी नऊही गड्यांना विचारलं. पाच थांबले, चार नाही म्हणाले. केझायाला विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी मी लोण्याच्या टोपल्या घ्यायला गेलो तर तिने मला कोठाराच्या दाराशी अडवलं. ती कोंबड्यांचं धान्य घ्यायला आत गेली होती, हातात भांडं होतं.

"एनॉक, ती खुर्ची तू आणलीस?"

"आणली."

"बाईची आहे."

"दिसते तशी."

"कुणासाठी?"

"ते मला सांगितलेलं नाही."

ती थोडा वेळ भांड्यातले दाणे बोटाने सारखे करत राहिली. गावात एक कुजबूज होती, आणि तिच्या कानावर ती गेलेलीच असणार, की स्टॅथर्स मालक हल्ली प्रार्थना सुटल्यावर गिरणीवाल्याच्या विधवेशी बोलत उभे राहतात. आणि थोरला घोडेवाला रोज जेवताना तिला टोचायचा, "काय मग, नवी मालकीण येणार म्हणे! चाव्या पुसून ठेव हो."

"तुला विचारलं का त्यांनी?" मी म्हटलं.

"रविवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली, आणि धान्य घेऊन कोंबड्यांकडे गेली.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, की बाई, आत जा आणि विचार. किंवा मीच जाऊन मालकांना म्हणायला हवं होतं, की ती वाट बघतेय. दोन पावलांवर होते ते, मेंढीच्या खुराला औषध लावत. मी टोपल्या गाडीत चढवल्या आणि निघालो.

रविवार आला. प्रार्थनेहून घरी आल्यावर तिने वाढलं. मालक जेवले, उठले, टोपी घातली आणि मेंढरांकडे गेले. हे मला पुढे थोरल्या घोडेवाल्याने सांगितलं. तो म्हणाला, "एनॉक, ती दिवसभर कणकेत हात घालून उभी होती. रविवारी. रविवारी कोण पाव करतं?"

मंगळवारी सण. मी पेट्या घ्यायला कोल्ड बॅरोच्या अंगणात गाडी उभी केली. जाणाऱ्या गड्यांच्या पेट्या चढल्या. राहणारे गडी नुसती गाठोडी घेऊन घराकडे निघाले होते, आठवडाभराच्या सुट्टीला. केझायासुद्धा दरवर्षी गाठोडं घेऊन ड्रिफील्डला बहिणीकडे जायची. या वेळी तिने दाराशी तिची पत्र्याची पेटी आणून ठेवली होती. मी उचलली. भरलेली होती, तळापर्यंत.

तेवढ्यात मालक गोठ्याच्या कोपऱ्यावरून आले. पेटीकडे पाहिलं.

"पेटी?" ते म्हणाले.

"हो, मालक."

ते उभे राहिले. ती उभी राहिली. मी लगाम ओढून घोडा धरला होता. ओल्या दगडांवर घोड्याची लाळ पडत होती आणि कुठेतरी एक मेंढी खोकत होती. अंगणात आम्ही तिघे थांबलो होतो, आणि तिघांपैकी कुणीही एक शब्द बोललं असतं तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

"बरं," मालक म्हणाले.

"चाव्या खिळ्याला आहेत. काळी कोंबडी अंडी खाते, तिच्यावर लक्ष ठेवा."

ती चाक धरून वर चढली. अठ्ठावीस पायऱ्या चढल्यासारखा वेळ लागला तिला, असं मला वाटलं. आम्ही ड्रिफील्डला पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. घोड्याचे नाल त्या दिवशी चारही घट्ट होते.

पुढच्या गुरुवारी ड्रिफील्डच्या चौकात जत्रेसारखी गर्दी होती. नव्या जागा शोधणारे गडी आणि मुली तिथे रांगेने उभे राहतात आणि शेतकरी, त्यांच्या बायका, पारखून घेतात. त्या रांगेत केझाया उभी होती. पन्नास वर्षांची, सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या मध्ये, काळी टोपी घालून, दोन्ही हात पुढे जोडून, म्हणजे ते काम केलेले हात दिसावेत. एक गुबगुबीत शेतकरीण तिच्यासमोर थबकली.

"मावशी, लेकीला सोडायला आलात का? कुठली तुमची?"

"मीच," केझाया म्हणाली.

बाई लाजली, हसली, आणि बाजूच्या लाल गालांच्या पोरीकडे वळली. संध्याकाळी चौक रिकामा झाला. मी तिला बहिणीच्या दारी सोडलं. दोन खोल्यांचं घर. पुढे ती तिथेच एका सराईच्या चादरी धुवायचं काम घेऊन राहिली.

तीन आठवडे गेले. नाताळाच्या तोंडावर स्टॅथर्स मालकांनी मला पुन्हा फाटकाशी गाठलं. सदऱ्याला एक बटण नव्हतं.

"तिला कुठली जागा मिळाली, एनॉक?"

"जागा? कुठली जागा?"

"जिच्यासाठी गेली ती. अठ्ठावीस वर्षांत एका शब्दाने बोलली नाही. कुणी जास्त दिलं असेल."

मला काही क्षण कळेचना. मग कळलं. "मालक, तुम्ही तिला विचारलं नाहीत."

"काय विचारायचं?"

"थांबतेस का म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली. "घरच्या माणसाला कुणी विचारतं का? माझ्या बायकोला मी दरवर्षी विचारत होतो का, थांबतेस का म्हणून? मला वाटलं, आता पुरे झालं तिला मोलकरणीसारखं विचारणं. सुट्टीवरून परत आली की शेकोटीशी खुर्ची ठेवलेली दिसेल. बस म्हणणार होतो."

"मग चला. आत्ता गाडीत बसा, तिला सांगा."

त्यांनी बराच वेळ फाटकाच्या वरच्या फळीवरचं शेवाळ नखाने खरवडलं.

"गेलेल्याला विचारायचा रिवाज नाही," ते म्हणाले. "आणि तू खुर्चीचं तिच्यापाशी काढू नकोस. मी दया मागतोय असं व्हायला नको. शब्द दे."

मी शब्द दिला. देऊन टाकला, जसा घोड्याला चारा टाकावा. आजही मला तो दिवस आठवला की तोंड कडू होतं.

त्यांनी दुसरी बाई ठेवली. पुढच्या वर्षी तिला ऑक्टोबरातच विचारलं, थांबतेस का. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं. ती घाबरून गेली. गावभर हसू झालं, म्हाताऱ्याला विचारायचं वेड लागलं म्हणून. मी हसलो नाही.

मी दर गुरुवारी बहिणीच्या दारी गाडी उभी करायचो, सराईच्या चादरींचं गाठोडं उतरवायला. केझाया दारात यायची. हातांना सोड्याने भेगा पडलेल्या.

"थांबतोस का, एनॉक, चहाला?"

दर गुरुवारी विचारायची. कधी गृहीत धरलं नाही. मीही आभाळाकडे बघायचो, घोड्याकडे बघायचो, उगाच वेळ काढायचो, आणि मग म्हणायचो, "थांबेन म्हणतो." तिच्या ओठांची कड जराशी हलायची. तेवढ्यासाठीच मी वेळ काढायचो. कोल्ड बॅरोबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ती एकदाच म्हणाली, "काळी कोंबडी मारली असेल त्यांनी."

तीन वर्षांनी स्टॅथर्स मालक मेंढरांच्या वाड्यात कोसळले आणि गेले. वसंतात शेताचा लिलाव झाला. खुर्ची अंगणात गवतावर ठेवली होती, गोणपाट अजून पायांशी गुंडाळलेलं. कुणी कधी तिच्यावर बसलं नव्हतं. ती घेतली गिरणीवाल्याच्या विधवेने, आणि गिरणीवर मीच पोचवली. विधवा तिच्यावर बसली आणि म्हणाली, "अगदी मापाची आहे हो!"

मालक गेले म्हणजे शब्द फिटला, असं मी धरलं. माझ्या छातीवरचं ओझं मला उतरवायचं होतं. तिचं काय होईल याचा विचार मी केला नव्हता. त्या गुरुवारी चहाच्या मेजाशी मी तिला सगळं सांगितलं. खुर्ची कुणासाठी होती, मालक फाटकाशी काय म्हणाले, मी शब्द कसा दिला. मला वाटलं, ती रडेल. निदान निवेल.

तिने किटली शेकोटीवरून काढून बाजूला ठेवली.

"अठ्ठावीस वर्षं त्या घरात माझं काय होतं, सांग बघू," ती म्हणाली. "स्टूल त्यांचं, भट्टी त्यांची, चाव्या त्यांच्या. वर्षातून एक दिवस तो माणूस टोपी काढून माझ्यापुढे उभा राहायचा आणि मी काय म्हणते त्याची वाट बघायचा. तेवढा एक दिवस माझा होता. त्या दिवशी मी नाही म्हणू शकत होते, एनॉक. कधी म्हणणार नव्हते, पण म्हणू शकत होते. तो दिवस त्यांनी काढून घेतला आणि मला खुर्ची देणार होते."

"पण त्यांना तू घरची वाटत होतीस."

"वाटत होते ना? मग घरच्या माणसाला सांगतात तरी. मला त्यांनी सांगितलंही नाही आणि विचारलंही नाही."

बहीण आतल्या खोलीत चादर झटकत होती. केझायाने माझा रिकामा कप उचलला, पालथा केला.

"आणि तुला खुर्ची कुणाची ते तीन आठवड्यांनी कळलं होतं," ती म्हणाली. "तीन वर्षं माझ्या मेजाशी चहा पीत होतास."

"शब्द दिला होता."

"हो. त्यांना."

मी टोपी शोधली आणि बाहेर पडलो.

पुढच्या गुरुवारी गाठोडं घेऊन गेलो. ती दारात आली, गाठोडं घेतलं, घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखा लगामाची गाठ सोडत-बांधत राहिलो. चहाला थांबतोस का, ते तिने विचारलं नाही. दार हळू लोटलं गेलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी पुन्हा तसाच उभा राहिलो, जरा जास्त वेळ. मग रविवार उलटून गेल्यावर माणसाला कळतं तसं मला कळलं. मी विचारू शकलो असतो. दार दोन पावलांवर होतं, आत किटलीचा आवाज येत होता. पण आमच्याकडे आपण होऊन विचारत नाहीत.

एकूण सात वर्षं ती त्या घरात होती. मी दर गुरुवारी गाठोडं पायरीवर ठेवून पुढे जात राहिलो. ती वारली तेव्हा तिची पत्र्याची पेटी बहिणीने मलाच न्यायला सांगितली, भंगारवाल्याकडे. उचलली तेव्हा रिकामी होती. मला ती कधी नव्हे एवढी जड गेली.